जुन्या गाडीखालचा डबा : काढण्याआधी कायदा समजून घ्या

आमच्या कार्यक्रमाकडे येणारी पत्रे बहुतेक कांद्यावरचा करपा, गाईचे उलटणे, खताच्या मात्रा अशा विषयांची असतात. गाडीच्या सायलेन्सरविषयी कोणी विचारील असे आम्हांला वाटले नव्हते. पण अलीकडे तशी विचारणा होऊ लागली आहे, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच. ‘साहेब, गाडी जुनी आहे. मिस्त्री म्हणतो, खालचा डबा काढून सरळ नळी टाकू, गाडी मोकळी होईल. काढला तर चालतं का?’

उत्तर आधीच सांगून टाकतो. चालत नाही. गाडी कंपनीतून डबा घेऊन आली असेल तर ती दहा वर्षांची असो की वीस वर्षांची, डबा तिच्याबरोबरच राहिला पाहिजे. मात्र गाडी मुळातच डब्याशिवाय आली असेल, तर आता तो बसवा असे तुम्हांला कोणी म्हणणार नाही. या दोन वाक्यांत सगळा नियम आला. पण नियम नुसता ऐकून पटत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या भागात हा प्रश्न मुद्दाम का उद्भवतो, ते पाहा. पिंपळे सौदागर हे पवनाकाठचे शेतीचे गाव होते. आज तिथे सोसायट्यांच्या इमारती उभ्या आहेत. त्या सोसायट्यांतली मंडळी आठ-दहा वर्षे गाडी वापरतात आणि विकतात. ती गाडी कोण घेतो? मावळ, मुळशी, खेड भागातला आपल्यासारखाच एखादा शेतकरी. शहराची जुनी गाडी ती गावची नवी गाडी. ती येते तेव्हा रंग चांगला असतो, टायर बरे असतात, पोटाखाली काय आहे आणि काय नाही हे कोणी वाकून पाहत नाही. मीही पाहिले नव्हते. ती हकीकत पुढे सांगतो.

आधी हा डबा म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीतले त्याचे नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मधल्या नळीवर पोलादी पत्र्याचा एक फुगीर डबा असतो, तोच हा. काही गाड्यांत तो इंजिनला अगदी लागून असतो, काहींत गाडीच्या पोटाखाली. आत चिनीमातीसारख्या पदार्थाची, मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची वीट असते. त्या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. इंजिनमधून निघालेला धूर या भोकांतून जाताना त्यातले तीन विषारी घटक बदलतात. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, अर्धवट जळालेल्या पेट्रोलची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होतो, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन होतो. धातू स्वतः खर्ची पडत नाहीत, नुसते काम करून घेतात. दह्याचे विरजण लागते तसे काहीसे समजा, फरक एवढाच की विरजण वाढते आणि हे आहे तेवढेच राहते.

डबा तापल्याशिवाय काम करीत नाही. साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत गेला की मग तो जागा होतो. म्हणून थंडीच्या पहाटे गाडी सुरू करताच सोडलेला धूर तसाच बाहेर येतो. बंद पडवीत किंवा गोठ्याला लागून गाडी चालू ठेवून कासंड्या चढवीत बसू नये, याचे कारण हेच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाला आणि जनावराला तो कळत नाही. डबा काढलेल्या गाडीत तर हा धोका पहिल्या मिनिटापुरता राहत नाही, इंजिन चालू असेपर्यंत राहतो.

आता सालांकडे येऊ, कारण नियम सालावर चालतो. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून मोटारींना असे डबे लागले. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना डबा सक्तीचा झाला, आणि त्यासाठी तिथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. शिसे डब्यातल्या धातूंवर बसले की डबा निकामी होतो. म्हणून एक आले तसे दुसरे आले. १९९८ मध्ये आणखी मोठ्या शहरांत हीच व्यवस्था झाली आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. पुढे भारत स्टेजचे टप्पे आले. २००५ मध्ये पुण्यासह अकरा शहरांत तिसरा टप्पा, २०१० मध्ये पुण्यासह तेरा शहरांत चौथा, १ एप्रिल २०१७ पासून तोच देशभर, आणि १ एप्रिल २०२० पासून सहावा. पाचवा मधल्यामध्ये वगळला गेला. तेव्हा तुमची पेट्रोल मोटार २००० सालानंतरची असेल तर तिला डबा असणार असे धरूनच चालावे. १९९० सालची जुनी मोटार कोणी सांभाळून ठेवली असेल तर तिला तो नसेल, आणि ते बेकायदा नाही.

कायदा काय म्हणतो? पुष्कळांचा समज असा की डबा काढू नये असे कुठे लिहिलेले दाखवा, मग मानू. कायद्याची पकड तशी नसते. ती तीन बाजूंनी येते.

पहिली बाजू मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ ची. कंपनीने जी गाडी मंजूर करून घेतली आणि ज्या तपशिलावर नोंदणी झाली, त्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. कोणतेही नवे मॉडेल बाजारात येण्याआधी त्याची चाचणी होते. त्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या संस्थांपैकी दोन आपल्या शेजारीच आहेत, पुण्यात वेताळ टेकडीवर ए.आर.ए.आय. आणि भोसरीला सी.आय.आर.टी. तिथे गाडी पास होते ती डब्यासकट. डबा काढलेली गाडी ही ती पास झालेली गाडी राहत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात कलम ५२ चा अर्थ सांगताना म्हटले की, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-अ आले. त्याप्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

दुसरी बाजू कलम १९०, पोटकलम २ ची. शेतकऱ्याच्या दृष्टीने मी हिला अधिक महत्त्व देतो. हवा आणि आवाज यांच्या प्रदूषणाचे जे मानक ठरले आहे ते मोडणारी गाडी सार्वजनिक जागी जो चालवील, किंवा चालवू देईल, तो दोषी. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन तीन महिने अपात्र. दुसऱ्या वेळी कैद सहा महिन्यांपर्यंत. इथे डबा कोणी काढला हे विचारलेले नाही. ‘मी काढला नाही, आधीच्या मालकाने काढला’ हे म्हणणे कलम १८२-अ पुढे कदाचित उपयोगी पडेल, १९० पुढे पडणार नाही. गाडी आज तुम्ही चालवता, धूर आज तुमचा आहे.

तिसरी बाजू रोजच्या कागदाची, म्हणजे पी.यू.सी.ची. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११५ प्रमाणे गाडीच्या पहिल्या नोंदणीला वर्ष झाले की पी.यू.सी. जवळ हवेच. चौथ्या आणि सहाव्या टप्प्याच्या गाडीला ते बारा महिने चालते, त्याआधीच्या गाडीला सहाच महिने. आकडे पाहिले म्हणजे डब्याचे महत्त्व ध्यानात येते. दुसऱ्या टप्प्याच्या आधीच्या पेट्रोल मोटारीच्या धुरात, इंजिन नुसते चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मोटारीला मर्यादा ०.५ टक्के, चौथ्या टप्प्याला ०.३ टक्के. म्हणजे जुन्यात जुन्या गाडीला सूट आहे, पण ती तिच्या सालाची सूट आहे. २००९ ची गाडी सोळा वर्षे चालली म्हणून तिला १९९० च्या गाडीची सूट मिळत नाही. गाडी म्हातारी झाली तरी तिचा नियम म्हातारा होत नाही.

आता आमच्या घरची हकीकत. आमचे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, रोज पहाटे पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत दूध घालतात. त्यासाठी त्यांनी २०२२ मध्ये एक छोटी पेट्रोल मालवाहू गाडी जुन्या बाजारातून घेतली. गाडी २००९ ची. बघायला मला नेले होते. मी बोनेट उघडून तेल पाहिले, टायर पाहिले, कागद वाचले आणि म्हणालो, ‘तात्या, घ्या. गाडी चांगली आहे.’ मालवाहू गाडीला आठ वर्षे पूर्ण झाली की दरवर्षी पासिंग लागते. पुढल्या पासिंगच्या वेळी पी.यू.सी. संपले होते म्हणून आधी तिकडे गेलो, तर यंत्र दोन टक्क्यांच्या वर आकडा दाखवी. मिस्त्रीने प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, आकडा थोडा उतरला आणि तिथेच अडला. शेवटी गाडी खड्ड्यावर घेतली, तेव्हा दिसले की डब्याच्या जागी दीड फूट साधी नळी झाळलेली. आधीच्या मालकाला फोन केला. तो म्हणे, मी नाही. मधल्या दलालाने हात वर केले. तात्यांनी मला काही बोलून दाखवले नाही. एवढेच म्हणाले, ‘तू बघितली होतीस ना रे?’

अकरा दिवस गाडी उभी होती. मालवाहू गाडीला पासिंगचा दाखला नसला तर कायद्याच्या लेखी तिची नोंदणीच वैध धरली जात नाही. ती रस्त्यावर आणून अपघात झाला असता तर काय झाले असते याचा विचार नको वाटतो. त्या अकरा दिवसांत दूध शेजाऱ्याच्या गाडीतून गेले, काही गिऱ्हाईक तुटले, त्यातले काही परत आले नाही. नवा डबा स्वस्त पडला नाही. पण तो बसवल्यावर पी.यू.सी.च्या यंत्राने ०.५ च्या खालचा आकडा दाखवला आणि गाडी पासिंगला लागली.

त्या वेळी एका ठिकाणी आम्हांला सांगण्यात आले होते की, गाडी न लावताच कागद काढून देतो. तो मोह टाळावा. कागदावरचा आकडा काही असो, रस्त्यात मोटार वाहन निरीक्षकाने किंवा पोलीस अधिकाऱ्याने धूर तपासायला सांगितला तर यंत्र खरेच बोलते.

तेव्हा जुनी गाडी घेताना हे करा. गाडी पूर्ण थंड असताना खाली वाका. इंजिनपासून सायलेन्सरपर्यंत नळीवरून नजर फिरवा. फुगीर डबा दिसला पाहिजे. सरळ नळी आणि ताजी झाळ दिसली तर विचारा. डबा आहे पण हाताने ठोकल्यावर आत खुळखुळ वाजते, म्हणजे वीट फुटली आहे. काही लबाड डबा जागेवर ठेवून आतली वीट काढून घेतात. बाहेरून काही कळत नाही. म्हणून सर्वांत खात्रीचा उपाय, सौदा ठरण्याआधी गाडी गरम करून आपल्यासमोर पी.यू.सी. काढायला लावा आणि आकडा वाचा. नव्या धाटणीच्या गाड्यांत डब्याच्या आधी आणि नंतर ऑक्सिजन मोजणारे सेन्सर असतात. डबा गेला की डॅशबोर्डावर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. चावी फिरवल्यावर तो दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर कोणीतरी त्याची तार तोडली असे समजा.

‘पण साहेब, डबा काढल्यावर गाडी खरंच पळते’, असे एक जण म्हणाले. त्यांचे सगळे चूक नाही. वीट वितळून किंवा काजळीने बंद झाली तर धुराला वाट राहत नाही आणि इंजिन गुदमरते. मग डबा काढला की गाडी मोकळी वाटणारच. पण तो डब्याचा दोष नव्हे. डबा बुजला तो का, ते शोधले पाहिजे. एखादा प्लग ठिणगी देत नसेल तर न जळलेले पेट्रोल डब्यात जाऊन तिथे पेटते आणि वीट वितळते. इंजिन ऑईल खात असेल तर ऑईलमधले द्रव्य धातूंवर बसते. पेट्रोलमध्ये रॉकेल घातले तरी तेच. कारण न शोधता नवा डबा घातला तर तोही जाईल. चांगल्या अवस्थेतला डबा काढून ॲव्हरेज वाढते, ही मात्र समजूत आहे. सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत तर हिशेब चुकून पेट्रोल जास्तच जाते.

जाता जाता दोन गोष्टी, ज्या गाडीच्या पुस्तकात असतात पण कोणी वाचत नाही. डबा असलेली पेट्रोल गाडी ढकलून चालू करू नका, न जळलेले पेट्रोल डब्यात उतरते. आणि लांबून आलेली गाडी खळ्यावर, कडब्यावर, उसाच्या पाचटावर किंवा वाळल्या गवतात उभी करू नका. डब्याचा पत्रा इतका तापलेला असतो की गवत पेट घेते. गंजीला लागून गाडी लावायची सवय असेल तर ती आजपासून मोडावी.

डबा चोरीलाही जातो. आतल्या धातूंचा भाव हेच कारण. मार्च २०२१ मध्ये जगाच्या बाजारात ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दसपटीहून अधिक होता. त्या सुमारास पुणे जिल्ह्यात आणि इतरत्रही ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीस जाऊ लागले. सकाळी गाडी चालू केली की ट्रॅक्टरसारखा आवाज, तेव्हा मालकाला कळायचे. तसे झाल्यास नुसती नळी जोडून काम चालवू नका. आधी पोलिसांत फिर्याद द्या. चाकण पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येते आणि मंचर पुणे ग्रामीणमध्ये, पण हद्दीचा वाद घालीत बसायचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवता येते, पुढे ती योग्य ठाण्याकडे जाते. फिर्यादीची प्रत विम्याच्या कामी येते. डबा गेला तो चोराने नेला, तुम्ही विकला नाही, याचाही तोच पुरावा. उलट बाजूही सांगतो. भंगारवाला किंवा गॅरेजवाला जुन्या डब्याचे चांगले पैसे देऊ लागला तर हुरळू नका. आणि कोणी स्वस्तात ‘कंपनीचाच’ डबा देऊ केला तर पावती मागा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा स्वतःही गुन्हेगार ठरतो.

घरातल्या पोरांच्या मोटारसायकलींनाही हेच लागू. नव्या मोटारसायकलींच्या सायलेन्सरमध्ये छोटा डबा असतो. फटाके वाजवणारा सायलेन्सर बसवला की डबाही जातो आणि आवाजाचे मानकही मोडते. एका कामात दोन गुन्हे.

राहिला ट्रॅक्टर आणि डिझेलची पिकअप. ट्रॅक्टरचे नियम वेगळे आहेत. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून कडक टप्पा लागू झाला. त्याखालच्या बहुतेक ट्रॅक्टरांवर असा डबा नसतो, त्यामुळे त्यांच्या मालकांनी घाबरायचे कारण नाही. सहाव्या टप्प्याच्या डिझेल गाड्यांत मात्र काजळी धरणारी चाळणी असते, आणि मोठ्या गाड्यांत डी.ई.एफ. नावाचे निळ्या झाकणाच्या टाकीत ओतायचे पाणी लागते. हे पाणी म्हणजे ३२.५ टक्के युरियाचे द्रावण. ते ऐकून एका बागायतदाराने मला विचारले, ‘मग घरच्या गोणीतला युरिया बादलीत कालवून ओतला तर?’ प्रश्न हुशारीचा होता. पण आपल्या गोणीतल्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो, आणि डी.ई.एफ.साठी अतिशय शुद्ध युरिया व क्षार काढलेले पाणी लागते. गोणीतला युरिया ओतल्यास नोझल बुजतो आणि आतली वीट खराब होते, तिची दुरुस्ती गोणीच्या किमतीच्या कितीतरी पट. शिवाय तो युरिया सरकारी अनुदानाचा आहे. खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे परवानगीशिवाय तो पिकाखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. तो उसाला टाकावा, आणि तोही माती परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे.